कादिझ पायी कसं फिरावं: गाईड न घेता एका दिवसाचा रूट

स्पेनच्या दक्षिणेला अटलांटिकमध्ये घुसलेल्या चिंचोळ्या पट्टीच्या टोकावर कादिझ वसलंय. जुनं शहर इतकं आटोपशीर आहे की गाईड, बस, टॅक्सी कशाचीच गरज पडत नाही. तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला पुएर्ता दे तिएर्रा नावाची तटबंदी आणि वेस, म्हणजे चुकलात तरी चुकून चुकून किती चुकणार, एका दिशेला चालत राहिलं की थोड्या वेळात पाणी दिसतंच. बरेच लोक सेव्हियाहून (इंग्रजीत सेव्हिल) सकाळच्या ट्रेनने येतात (पावणेदोन तासांच्या आसपास लागतात), कॅथेड्रलसमोर फोटो, बीच, मासे आणि परत. एवढ्यात शहर छान वाटतं पण कळत काहीच नाही. कादिझ कळायचं तर मान वर करून चालायचं, कारण ही जहाजांची वाट बघत बसणाऱ्या व्यापाऱ्यांची वस्ती होती आणि त्याचे पुरावे सगळे गच्च्यांवर आहेत.

आधी वार ठरवा

सोमवार टाळा. म्युझियम बंद असतं, सान फेलिपे नेरी हे चर्चही बंद, आणि रविवारी होड्या समुद्रात जात नाहीत म्हणून सोमवारी मासळीचे गाळेही बरेचसे रिकामे. रविवारी तर मार्केटच बंद. मंगळवार ते शनिवार बेस्ट. दुपारी दोन ते पाच दुकानांची शटरं खाली असतात, म्हणून आत जाऊन बघायची ठिकाणं आधी उरका आणि समुद्राकाठचं चालणं संध्याकाळसाठी ठेवा. पायात सपाट, न घसरणारे बूट हवेत. पूर्ण रूट रमतगमत पाच-सहा किलोमीटर होईल. फूटपाथवर कुठे कुठे रंगीत पट्टे रंगवलेले दिसतील, ते टूरिस्टांसाठीच्या वेगवेगळ्या रूटचे आहेत. काही ठिकाणी पुसट झालेत, दिसले तर वापरा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

१. स्टेशनपासून एल पोपुलो

स्टेशन जुन्या शहराच्या तोंडाशीच आहे आणि क्रूझ जहाजंही तिथूनच जवळ लागतात. बाहेर पडून पाच-सात मिनिटं चाललं की नगरपालिकेसमोरचा सान हुआन दे दिओस चौक. तिथून कमानीखालून एल पोपुलो या सगळ्यात जुन्या मोहल्ल्यात शिरा.

इथं दोन गोष्टी जवळ जाऊन बघा. पहिली म्हणजे भिंतीचा दगड. प्लास्टर उडालंय तिथं हात लावा, दगडात चक्क शिंपले अडकलेले दिसतील, छोटे-मोठे, काही अख्खे. याला पिएद्रा ओस्तिओनेरा म्हणतात, समुद्रकाठीच मिळायचा आणि अर्धं शहर त्यातच बांधलंय. दुसरी गोष्ट गल्लीच्या कोपऱ्यावर: जुन्या लोखंडी तोफा जमिनीत उभ्या गाडलेल्या. वळताना घोडागाडीचं चाक घराच्या कोपऱ्याला घासू नये म्हणून ही सोय. तोफ निकामी झाली तर वितळवण्यापेक्षा कोपऱ्यावर लावून टाकली, व्यापारी डोकं म्हणतात ते हेच.

इथंच रोमन थिएटर आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातलं, आणि ते सापडलं कधी तर १९८० साली, तोवर त्याच्या डोक्यावर घरं आणि गोदामं. पायऱ्यांखालचा कमानीचा बोळ चुकवू नका, उन्हाळ्यात तिथला गारवा वेगळाच.

२. कॅथेड्रल

काम १७२२ ला सुरू झालं आणि १८३८ ला संपलं. मध्ये पैसे संपले, आर्किटेक्ट बदलले, फॅशन बदलली, त्यामुळे खालून बरोक (नक्षीदार, वळणावळणाची शैली) आणि वर जाता जाता निओक्लासिकल (साधी, ग्रीक-रोमन वळणाची). दगडाचा रंगसुद्धा बदलतो, बाहेर उभं राहून नीट बघा, शहराचा बॅंक बॅलन्स कधी खाली आला ते भिंतीवर वाचता येतं. आत छताखाली जाळ्या लावलेल्या दिसतील, खारट हवेने दगडाचे पोपडे सुटतात म्हणून. तळघरात संगीतकार मानुएल दे फाया यांची कबर. मनोऱ्यावर जायचं का, तर मला विचाराल तर पाय राखून ठेवा, पुढं तोर्रे ताविरा हा दुसरा मनोरा चढायचा आहे.

३. मार्केट

मेर्कादो सेंत्राल १८३८ चं. दुपारी तीनच्या आत पोचा. मासळीच्या भागात नुसतं फिरलात तरी पैसे वसूल. सीझन असेल (वसंत ते उन्हाळ्याची सुरुवात) तर ट्यूनाचे एवढाले तुकडे मांडलेले असतात. या किनाऱ्यावर आल्माद्राबा नावाची जाळ्यांची पद्धत फार जुनी आहे, भूमध्य समुद्राकडे अंडी घालायला निघालेला ट्यूना वाटेतच गाठायचा.

४. तोर्रे ताविरा: या दिवसातली मेन गोष्ट

१७१७ मध्ये अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराचं सरकारी ऑफिस, कासा दे कोंत्रातासिओन, सेव्हियाहून कादिझला हललं आणि शहरात पैसाच पैसा झाला. आता जहाज येतंय की बुडालं हे ज्याला आधी कळेल तो फायद्यात, म्हणून व्यापाऱ्यांनी घरांच्या गच्च्यांवर टेहळणीचे मनोरे चढवले, कुणाचा नुसता सपाट, कुणाचा वर छोटी चौकी असलेला, कुणाचा पाठीकडून उंच खुर्चीसारखा. एकेकाळी दीडशेच्या वर होते, आजही शंभराहून जास्त उभे आहेत. गल्लीतून चालताना त्यातले फारसे दिसत नाहीत, आणि म्हणूनच ताविरा चढायचा. हा समुद्रसपाटीपासून ४५ मीटरवर आहे, १७७८ मध्ये बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा झाला आणि पहिला टेहळ्या आंतोनिओ ताविरा याचं नाव त्याला चिकटलं.

वरती १९९४ पासून कॅमेरा ऑब्स्कुरा आहे. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या, जरा खोलगट गोल पडद्याभोवती उभं करतात, छतावरच्या आरशातून आणि भिंगातून बाहेरचं शहर त्या पडद्यावर उतरतं, फोटो नाही, लाईव्ह. गच्चीवर वाळत टाकलेले कपडे हलतात, सीगल आडवा जातो, मधूनच एखादी मोटारसायकल. ग्रुप करून आत सोडतात, इंग्रजीचा शो कधी आहे ते तिकीट घेतानाच विचारा, आणि ढगाळ दिवशी मजा कमी येते, म्हणून ऊन असतानाच जा. मग गच्चीवर जाऊन ला बेया एस्कोंदिदा शोधा, रस्त्यावरून अजिबात न दिसणारा, टाईल्सनी मढवलेला अष्टकोनी मनोरा. त्याच्या नावाचा अर्थच लपलेली सुंदरी.

५. सान फेलिपे नेरी

ताविरापासून चार पावलांवर. लंबवर्तुळाकार चर्च, वेदीवर जुना स्पॅनिश चित्रकार मुरियो याचं चित्र. बाहेरच्या भिंतीवर पाट्याच पाट्या लावल्यात कारण नेपोलियनच्या सैन्याने स्पेन व्यापलेला असताना, शहराला वेढा पडलेला असताना, इथं बसून प्रतिनिधींनी राज्यघटना लिहिली. ती जाहीर झाली १९ मार्च १८१२ ला, सेंट जोसेफच्या दिवशी, आणि स्पॅनिशमध्ये जोसेफचं लाडाचं नाव पेपे, म्हणून लोक तिला लाडाने ला पेपा म्हणतात. आपल्याकडच्या वाचकांसाठी एक जोड: पोर्तुगालची १८२२ ची राज्यघटना बरीचशी याच्यावर बेतलेली होती, आणि त्या काळातल्या पोर्तुगीज पार्लमेंटवर गोव्यातूनही प्रतिनिधी निवडले गेले, त्यात बर्नार्दो पेरेस द सिल्व्हा होते. म्हणजे पणजीच्या इतिहासाचा एक धागा या गल्लीत सापडतो.

६. जेवण

तोर्तियितास दे कामारोनेस मागवा. बेसन आणि गव्हाच्या पिठात कांदा, पार्सली आणि सालासकट बारीक कोळंबी घालून पातळ, कुरकुरीत तळलेली, जवळ्याच्या भज्यांवर वाढलेल्या माणसाला परकी वाटणारच नाही. व्हिनेगर आणि जिऱ्यात मुरवलेला तळलेला कासोन (छोटा शार्क) पण छान. शाकाहारी लोकांनी जरा जपून, पापास आलिन्यास हे बटाट्याचं सॅलड साधं दिसतं पण त्यात ट्यूना टाकायची पद्धत आहे, तेव्हा ऑर्डर देतानाच ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो’ (मांस नको, मासे नको) म्हणा, वरून ट्यूना नको हे वेगळं सांगा.

७. प्लासा दे मिना आणि म्युझियम

म्युझियममध्ये वेळ कमी असेल तर फक्त दोन फिनिशियन (रोमनांच्याही आधीच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या) शवपेट्या बघा, माणसाच्या आकाराच्या, संगमरवरी. पुरुषाची पेटी १८८७ ला सापडली, दाढीवाला माणूस, हातात फळ. म्युझियमचे डायरेक्टर पेलायो किंतेरो जोडीची बाईची पेटीही इथंच कुठेतरी असणार म्हणून कित्येक वर्षं खणत राहिले आणि न सापडताच वारले. १९८० ला ती सापडली, आणि ती निघाली त्यांच्याच जुन्या घराच्या जागेखाली. आता दोघं शेजारी शेजारी ठेवलेत.

बाहेर आल्यावर दमला नसाल तर प्लासा दे एस्पान्यामधलं १८१२ च्या घटनेचं स्मारक करून घ्या, त्यातली रिकामी खुर्ची शोधा. दमला असाल तर सोडा.

८. समुद्राकाठून ला कालेता

समुद्राकाठच्या आलामेदा या बागेतून निघा, समुद्र उजव्या हाताला ठेवा, पार्के हेनोवेस ही बाग ओलांडा, वाट चुकण्याचा प्रश्नच नाही. जुन्या मोरा हॉस्पिटलसमोर दोन अवाढव्य फायकस (वडाच्या जातकुळीतली झाडं) आहेत, फांद्यांना खालून टेकू दिलेत. भारतातून परतणाऱ्या मिशनरी बायकांनी ही रोपं इथं ठेवली अशी गोष्ट गावात सांगतात. खरी असो नसो, सावली खरी आहे, बसा थोडं. सांता कातालिना किल्ला १५९६ च्या इंग्रज-डच हल्ल्यानंतर बांधायला घेतलेला, आत जायला पैसे नाहीत. शेजारीच ला कालेताचा छोटा बीच. जूनअखेर इथं सूर्य पावणेदहाला बुडतो, त्या हिशोबाने घाई करू नका.

९. ला विन्या

बीचच्या मागचा कोळ्यांचा मोहल्ला, कार्निव्हलचा अड्डा. विर्हेन दे ला पाल्मा रस्त्यावरचं चर्च बघून घ्या, १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनच्या भूकंपाची लाट शहरात शिरली ती इथवर येऊन थांबली असं लोक मानतात आणि दरवर्षी त्या तारखेला मिरवणूक काढतात. फेब्रुवारीत कार्निव्हलला येणार असाल तर खोली महिनोन्महिने आधी बुक करा, नाहीतर जवळच्या हेरेस शहरात राहून ट्रेनने ये-जा करा, पाऊण तासाच्या आत पोचता.

आणि हो, लेवांते. पूर्वेकडून येणारा हा कोरडा वारा सुटला की गच्चीवर धड उभं राहता येत नाही. अशा दिवशी कॅथेड्रलमागचा उघडा समुद्रकाठ सोडून द्या, सकाळी गल्ल्या आणि म्युझियम करा आणि दुपारीच ला कालेता गाठा, तो पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे तिथं त्यातल्या त्यात आडोसा मिळतो.