6 व्होल्टची जुनी मोटारसायकल 12 व्होल्टवर नेताना
1950-60 च्या दशकांतील बीएसए किंवा ट्रायम्फ ही ब्रिटिश मोटारसायकल 12 व्होल्टवर नेताना बॅटरीबरोबर रेग्युलेटर-रेक्टिफायर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा आणि एसीचा डीसी करणारा भाग), असल्यास इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी), हॉर्न आणि सगळे बल्ब बदलावे लागतात; ल्युकस कंपनीचा अल्टरनेटर (इंजिनवर चालणारे वीज-जनित्र) असेल, तर त्याचा जुना स्टेटर (स्थिर राहणारा, तारांच्या वेटोळ्यांचा भाग) बहुधा तसाच चालतो. 30 वॉटचा दिवा 6 व्होल्टवर 5 अँपिअर घेतो आणि 12 व्होल्टवर अडीच, त्यामुळे वायरी जाड करण्याची गरज नसते; मात्र इन्सुलेशन कडक होऊन तडकले असेल, तर संपूर्ण हार्नेसच (गाडीतल्या वायरींचा जुडगा) बदलावा. या गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक अनेकदा चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडलेले असते, हे न पाहता जोडलेला नवा रेग्युलेटर तत्काळ जळू शकतो. अर्थिंगच्या, म्हणजे वायर चासीला जोडतात त्या, जागेवरचा रंग, विशेषतः हौसेने करून घेतलेले पावडर कोटिंग, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडावे. मंद दिव्याचे मूळ पुष्कळदा तिथेच असते.