कृष्णाकाठ नीट समजून घ्यायचाय? मग असा बघा

बरेच जण महाबळेश्वरला जातात, गोमुखाचं पाणी डोळ्याला लावतात आणि कृष्णा बघितली म्हणतात. पण खोरं कळायचं तर नदीबरोबर खाली नरसोबावाडीपर्यंत यायला पाहिजे, दोन दिवस काढा.

आधी मोबाईलवर सॅटेलाईट मॅप लावा. उगमापासून अरबी समुद्र जेमतेम 65 किलोमीटर, तरी पाणी पूर्वेला जवळपास 1400 किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतं कारण पठाराचा उतारच तिकडं आहे. मग केट्स पॉइंटवरून खाली धोम धरणाचं पाणी बघून घ्या आणि एक हिशोब डोक्यात ठेवा, महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि सांगलीत 600 च्या आसपास, म्हणजे सांगलीकडचा ऊस घाटावरच्या पावसावर उभा आहे.

आता संगम क्रमानं घ्या. माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, हरिपूरला वारणा, नरसोबावाडीला पंचगंगा. कराडचा प्रीतिसंगम चुकवू नका, दोन्ही नद्या समोरासमोर येऊन भिडतात असं क्वचितच बघायला मिळतं. प्रत्येक संगमाला पाणी वाढतं, उतार मात्र कमी होत जातो, म्हणून सांगलीत पूर चढतो पटकन पण उतरायला दिवस लागतात. तिथं आयर्विन पुलावर 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 धोक्याची, 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं होतं.

जमीन बघायची तर भिलवडी-औदुंबरच्या बाजूला पात्रापासून वर चालत जा, फक्त शेतमालकाला विचारून. आधी मळीचं रान लागतं, पुरानं आणलेला मऊ गाळ, कृष्णाकाठची वांगी गाजली ती असल्या रानातली. त्याच्यावर काळं रान. ओली माती तळहातावर वळून बघा, वळी न तुटता लांब होते, आणि उन्हाळ्यात त्याच रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आणखी वर गेलं की मुरमाड माळ. हे तीन थर पायानं ओलांडले ना की कुठं काय पिकतं ते सांगावं लागत नाही.

आणि एक गोष्ट मुद्दाम शोधाच. शिरोळ, वाळवा भागात काही उसाच्या रानात पांढरा थर दिसेल, ते मीठ फुटलंय. वर्षानुवर्षं पाटानं भरमसाठ पाणी पाजलं, काळ्या मातीतून निचरा झाला नाही, खालचे क्षार वर आले. इतकी सोन्यासारखी जमीन अशी पडून राहते ते बघून जीव तुटतो. अशा रानाच्या कडेला निचऱ्यासाठी चर खणून पाईप टाकायचं काम चालू दिसलं तर थांबा आणि पाणी कुठं काढतायत ते शेतकऱ्याला विचारा, सगळं समजावून सांगतात.