ओव्हरीची गाठ आयएचसीला पाठवण्याआधी

ओव्हरीची, म्हणजे अंडाशयाची, गाठ कुठल्या पेशीतून उगवली हे आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, अँटिबॉडी वापरून पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगवून बघण्याची तपासणी) सांगते खरी, पण तिचं निम्मं काम ऑपरेशन थिएटरमध्येच झालेलं असतं, नाहीतर बिघडलेलं. म्हणून आधी बरणी. तोंड रुंद हवं आणि गाठीच्या दहापट फॉर्मलिन (पेशी सडू न देणारं द्रावण) मावायला हवं, १० टक्के न्यूट्रल बफर्ड. गेल्या उन्हाळ्यात जतकडून नारळाएवढी गाठ लोणच्याच्या बरणीत कोंबून आली, नातेवाइकाच्या मांडीवर, एसटीने सांगलीपर्यंत. फॉर्मलिन जेमतेम बुडण्यापुरतं. कापली तर कडा चिवट आणि आत पिवळट लगदा. त्या लगद्यावर इनहिबिन (काही गाठींत रंगणारं एक प्रथिन) निगेटिव्ह आलं, म्हणजे रंगलंच नाही, तर अर्थ काय लावायचा?

गाठ आल्या आल्या सेंटिमीटरच्या अंतराने चिरावी. काढली कधी आणि फॉर्मलिनमध्ये पडली कधी, हे बरणीवर लिहावं. फॉर्मलिनमध्ये किमान ६ तास ठेवावी, शक्यतो ७२च्या आत काढावी. शनिवारी दुपारच्या केसला हाच हिशेब चुकतो. फॉर्मवर नुसतं 'ओव्हेरियन मास' नको. वय, पाळीची तक्रार, एएफपी, बीटा-एचसीजी (काही गाठींत रक्तात वाढणारे पदार्थ), पूर्वी पोटाचं वा आतड्याचं ऑपरेशन झालंय का, सगळं हवं. तरुण मुलगी असेल तर रक्तातलं कॅल्शियमही.

मग एच अँड ई (नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगाची स्लाइड) नीट बघून प्रश्न ठरवायचा, वीस मार्कर (आयएचसीने शोधायची प्रथिनं) मागवायचे नाहीत; प्रत्येकाचे पैसे पेशंटच्याच खिशातून जातात. कॉफीच्या बीसारखी खाच असलेली केंद्रकं दिसली, म्हणजे ग्रॅन्युलोसा गाठीचा (अंडाशयातल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठीचा) संशय आला, तर इनहिबिन, कॅलरेटिनिन, एसएफ-१, आणि सोबत ईएमए, जे निगेटिव्ह यावं अशी अपेक्षा. जर्म सेल गाठीचा (बीजपेशींतून उगवलेल्या गाठीचा) संशय असेल तर आधी एसएएलएल-४, मग ऑक्ट-४ किंवा ग्लिपिकन-३. आतड्यातून आलेली वाटली तर सीके-७, सीके-२०, सीडीएक्स-२ आणि पॅक्स-८ एकत्र वाचावेत. फॉक्स-एल२ या मार्करचा डाग इतर सेक्स कॉर्ड गाठींतही (ग्रॅन्युलोसा ज्यात मोडते त्या गटातल्या) उमटतो; अडल्ट ग्रॅन्युलोसाची ओळख ठरलेलं, २००९ साली सापडलेलं म्युटेशन (त्याच जनुकातला बदल) तो दाखवत नाही. त्याची तपासणी वेगळी.

कॅल्शियम वाढलेलं आणि पेशी लहान असतील तर स्मॉल सेल कार्सिनोमा या कर्करोगाच्या संशयाने एसएमएआरसीए-४ मागवावं; त्या कर्करोगात हे प्रथिन नाहीसं होतं. इथे वाचन उलटं: गाठीत रंग न येणं हाच पुरावा. मात्र त्याआधी त्याच स्लाइडवरच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडे आणि लिम्फोसाइट्सकडे (पांढऱ्या रक्तपेशींकडे) बघायचं. या निरोगी पेशी तपकिरी, म्हणजे रंगलेल्या, हव्यात. त्याही फिक्या असतील तर डागच फसलाय, पुन्हा करायला सांगा. घाईत मी स्वतः हे एकदा विसरलोय, म्हणून एवढं लांबण.

ब्लॉक (गाठीचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या वड्या) दोन असतील तर आयएचसीच्या लॅबला एकच पाठवावा. पार्सल मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, मेण मऊ पडतं. सोबत एच अँड ई स्लाइड आणि कापलेल्या गाठीचा फोटो. खर्च आणि रिपोर्टला लागणारे दिवस नातेवाइकांना आधीच सांगावेत, आणि ब्लॉक परत मागवण्याची चिठ्ठी पार्सलातच टाकावी.