शेजारचे झुडूप गवताला पोसते की रोखते, हे कसे तपासावे

डोंगरउतारावरील कुरणात झुडपे पसरू लागली की ती गवताचे पाणी पळवतात असे गृहीत धरून सरसकट तोडली जातात. परंतु कोयता चालवण्यापूर्वी निदान एका हंगामाची चाचणी घ्यावी. निरनिराळ्या पर्वतांवरील ११ ठिकाणी शेजारच्या वनस्पती काढून केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले, की उंचावरील थंड जागी शेजार जाताच उरलेल्या वनस्पती सहसा मागे पडल्या, तर खालच्या सौम्य हवामानात त्या उलट जोमाने वाढल्या. म्हणून चाचणी उताराच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही भागांत करावी.

प्रत्येक भागात झुडपालगतच्या एकाच जातीच्या गवताच्या, साधारण सारखे फुटवे असलेल्या ठोंबांच्या जोड्या निवडाव्यात. दहाहून कमी जोड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. जोडीतील एका ठोंबाशेजारचे झुडूप तसेच ठेवावे आणि दुसऱ्याजवळचे जमिनीलगत छाटावे. ते उपटू नये, कारण त्यात गवताची मुळे तुटतात. नवे धुमारे मात्र दर पंधरवड्याला काढावेत. उघड्यावरच्या गवताशी थेट तुलना करण्याचा मोह टाळावा, कारण झुडपाखाली पालापाचोळा कुजून माती आधीच कसदार झालेली असू शकते.

चरणाऱ्या जनावरांचा परिणाम वेगळा काढणे सर्वांत महत्त्वाचे आहे. काटेरी झुडपाच्या फांद्या बाजूला सारून पाहिल्यास आतले गवत ओंब्यांसह उभे आणि हातभर अंतरावरचे बुडख्यापर्यंत खुडलेले आढळते. तेथे मदत सावलीची की काट्यांची, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी निम्म्या जोड्यांना जाळीचे कुंपण घालावे.

हंगामाअखेर ठोंब कापून ६० ते ७० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावेत. शेजारासहचे वजन वजा शेजाराविनाचे वजन, भागिले दोन्हींची बेरीज, असे गणित करावे: १२ आणि ८ ग्रॅम असल्यास उत्तर अधिक ०.२, म्हणजे शेजार उपकारक. उत्तर उणे आले तरी लगेच तोड सुरू करू नये, कारण छाटलेल्या झुडपाची मुळे कुजताना सुटणारे नत्र पहिल्या वर्षी गवताला फुगवू शकते. त्याच जागी दुसऱ्या हंगामातही मोजणी करावी.