राजीनाम्याआधी हप्त्यांचा हिशेब

मी वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत टाइम ऑफिसला आहे. हजेरी, पगारपत्रक, पीएफ, ग्रॅच्युइटी, राजीनामा दिलेल्यांचं फुल अँड फायनल म्हणजे शेवटचा हिशेब, सगळं माझ्याच टेबलावरून जातं. शिवाय कामगारांच्या पगारदार पतसंस्थेच्या कर्ज समितीवर आहे. त्यामुळं कोणाला किती पगार आहे हे तर कळतंच, पण त्यातला किती घरी जातो तेही कळतं.

लिहायचं कारण माझा मेहुणा. सीएनसी ऑपरेटर आहे, रांजणगावात खोली करून राहतो, गाव परतूर तालुक्यातलं. त्याला कंपनी सोडून गावाकडं सौर पंप बसवायच्या कामात उतरायचंय. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमुळं आपल्याकडं हे काम बरंच निघालंय. पण अंगावर साडेतीन लाखांचं कर्ज. मी म्हणालो, आधी कर्ज फेड. तो म्हणाला, “दाजी, पगारात हप्तेच भागत नाहीत, तर कर्ज फिटणार कव्हा? अन् सोडणार कव्हा?” प्रश्न रास्त होता. मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. त्यातून जी रीत निघाली ती इथं देतो. कर्ज असलेल्या आणि नोकरी बदलू पाहणाऱ्या कोणालाही ती वापरता येईल.

मुद्दा एकच आहे. नोकरी सोडायची असेल तर एकूण कर्ज किती यापेक्षा महिन्याला किती जातं ते आधी बघा. लाख-दीड लाखाचं कर्ज राहिलं तरी माणूस धंद्यात उभा राहू शकतो. पण पाच तारखेला अठरा हजार द्यायचे असतील आणि हातात पगार नसेल तर दुसऱ्याच महिन्यात तो परत कंपनीच्या गेटवर येतो. असे परत आलेले मी पाहिलेत. जुन्या जागी, पण ठेकेदाराकडं आणि कमी पगारावर.

वहीत सगळं आलं पाहिजे

बँकेच्या आणि फायनान्सच्या कर्जांची यादी सिबिलच्या रिपोर्टमध्ये मिळते. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, पैसे मागणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. पण आपल्याकडचं निम्मं देणं त्या रिपोर्टात नसतं. उचललेली भिशी, मावसभावाकडून घेतलेले हातउसने, किराणा दुकानाची उधारी, गावातल्या सावकाराचे पैसे. बायकोच्या नावावर बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर तेही याच वहीत. नाव तिचं असलं तरी हप्ता घरातूनच जातो, आणि तो बहुतेकदा आठवड्याला जातो. हे लिहिताना बायको शेजारी बसलेली असू द्या. एकट्याची यादी खरी होत नाही.

मेहुण्याची वही अशी झाली:

पगारदार पतसंस्था: बाकी ९०,०००, हप्ता ५,००० (पगारातून कपात)
बँकेचं पर्सनल लोन: बाकी १,४०,०००, हप्ता ५,२००
मोटारसायकल: बाकी २२,०००, हप्ता ३,१००
मोबाईल: बाकी ६,०००, हप्ता २,०००
भिशी: उचलून झालेली, २,००० चे ८ हप्ते बाकी, म्हणजे १६,०००
गावातला सावकार: ३०,००० शेकडा तीननं, महिन्याला ९०० नुसतं व्याज
सोनेतारण: ५०,०००, व्याज वर्षाला एकदा

ओव्हरटाइम धरून हातात येतात अठ्ठावीस हजार. त्यातले १८,२०० जातात. उरलेल्यात खोलीभाडं, पोराची फी आणि गावाकडं आईची औषधं.

भागाकार करा

आता प्रत्येक कर्जाच्या बाकीला त्याच्या हप्त्यानं भागा. मोबाईल ३, मोटारसायकल ७, भिशी ८, पतसंस्था १८, पर्सनल लोन २७. आकडा जितका लहान, तितक्या कमी पैशात तो हप्ता मोकळा होतो.

एरवी सल्ला दिला जातो की ज्याचा व्याजदर जास्त ते कर्ज आधी फेडा. नोकरीत टिकून राहणार असाल तर तो बरोबरच आहे, कारण एकूण व्याज त्यानंच वाचतं. पण वर्षभरात नोकरी सोडणाऱ्यानं लहान आकड्यापासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण बघा. दिवाळीचा बोनस, सोयाबीनचे आलेले पैसे आणि पोस्टातली मोडलेली आरडी मिळून मेहुण्याकडं ७४,००० जमणार होते. ते त्यानं पर्सनल लोनमध्ये भरले असते तर व्याज वाचलं असतं, मुदत कमी झाली असती, पण पुढच्या महिन्यात त्याच्या खिशातून १८,२०० च गेले असते. तेच ७४,००० मोबाईल, भिशी, मोटारसायकल आणि सावकार यांच्यावर टाकले की महिन्याचे ८,००० सुटतात. राहतात १०,२००.

या भागाकाराला दोन कर्जं अपवाद, ती आकडा न बघता आधी संपवायची. एक सावकाराचं. शेकडा तीन हा महिन्याचा दर आहे, वर्षाचे छत्तीस टक्के झाले, आणि मुद्दल तिथंच. दुसरं क्रेडिट कार्ड. महिन्याला साडेतीन टक्के दर असेल तर ४०,००० च्या बाकीवर १,४०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २५२. ‘किमान देय’ म्हणून २,००० भरले तर मुद्दलातून फक्त साडेतीनशे कमी होतात.

सावकाराबद्दल थोडं आणखी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणं परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही आणि दरालाही मर्यादा आहे. विनातारण कर्जाला शेतकऱ्यासाठी वर्षाला १२ टक्के आणि इतरांसाठी १८ टक्के. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं होते. पण गावात रोज तोंड बघायचं असतं, म्हणून आधी घरातल्या वडीलधाऱ्याला घेऊन जा, मुद्दल एकरकमी देतो म्हणा आणि व्याजावर बोला. बहुतेकदा जमतं. पैसे देताना दोन माणसं हजर ठेवा. कोरा चेक, सही केलेला बाँड किंवा जमिनीची इसारपावती दिलेली असेल तर ती त्याच बैठकीत परत घ्या. नंतर देतो म्हणाला तर पैसेही नंतर. जमिनीचं खरेदीखतच करून घेतलं असेल तर मात्र वाटाघाटीत वेळ घालवू नका, थेट निबंधक कार्यालय गाठा.

पतसंस्था आणि जामीनदार

इथं लोक सगळ्यात जास्त अडकतात.

पगारदार पतसंस्थेचं कर्ज स्वस्त आणि लवकर मिळतं, कारण हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणं तशी कपात करणं मालकावर बंधनकारक असतं. तुम्ही नोकरी सोडली की ही कपात बंद होते आणि संस्था दोन जामीनदारांकडं वळते. ते तुमच्याच लाइनवरचे, तुमच्या शब्दावर सही केलेले. नंतर वसुली दाखला निघतो तो कलम १०१ खाली, आणि त्यातून जामीनदारही सुटत नाही. तुम्ही गावाकडं धंदा मांडून बसलात आणि इकडं मित्राच्या पगारातून तुमचा हप्ता कापला जातोय, ही वेळ आणू नका. याच कारणानं सोयरीक तुटलेली घरं आमच्या कॉलनीत आहेत.

म्हणून राजीनाम्याच्या तीन-चार महिने आधी संस्थेच्या सचिवाकडून खातेउतारा घ्या. तुमचं भागभांडवल आणि दरमहा कापलेली वर्गणी संस्थेत जमा असते, सभासदत्व सोडताना ती कर्जाला वळती करता येते. मेहुण्याची ही रक्कम ३५,००० निघाली. म्हणजे ९०,००० चे ५५,००० च राहिले. ते ग्रॅच्युइटीतून भरायचं ठरलं.

ग्रॅच्युइटीचा हिशेब प्रत्येकानं स्वतः करावा, अवघड नाही. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. कायम कामगाराची पाच वर्षं सलग पूर्ण हवीत. आणि शेवटच्या वर्षात सहा महिन्यांवर दिवस गेले असतील तर ते पूर्ण वर्ष धरलं जातं. मेहुण्याची बेरीज १४,०००, सेवा सहा वर्षं चार महिने. त्या दिवशी राजीनामा दिला असता तर सहा वर्षांचे ४८,४६१ मिळाले असते. तीन महिने थांबलं की सात वर्षांचे ५६,५३८. आठ हजारांचा फरक आहे, आणि पतसंस्थेची बाकी बरोबर त्यातच बसते. साडेचार वर्षांवर कंटाळून निघून जाणारी पोरं बघितली की मला हात धरून खुर्चीवर बसवावंसं वाटतं. ठेकेदारामार्फत लागलेला असाल तर नेमणूकपत्र कोणाच्या नावाचं आणि कोणत्या तारखेचं आहे ते आधी तपासा.

नोटीस न देता निघालात तर नोटीसचा पगार फुल अँड फायनलमधून वजा होतो, तेही हिशेबात धरा. पीएफ मात्र कर्जासाठी मोडू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, आणि दहा वर्षं भरली तर पेन्शनचा हक्क येतो. पुढं कुठंही नोकरी लागली तरी यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, तोच राहतो.

बँकेत पगार चालू असतानाच जा

पगाराची स्लिप हातात आहे तोवर बँक तुमच्याशी नीट बोलते. तीन गोष्टी विचारा. मधेच रक्कम भरली तर मुदत कमी करता की हप्ता? आपल्याला हप्ता कमी करून हवा, आणि ते लेखी मागावं लागतं, नाहीतर मुदतच कमी होते. मुदत वाढवून हप्ता कमी होईल का? आणि कर्ज मुदतीआधी बंद केलं तर शुल्क किती? पर्सनल लोन बहुतेक ठरावीक दराचं असतं, त्यावर शुल्क लागू शकतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं सक्तीचं आहे, सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर त्यात असतो. जुनी कर्जं फेडायला नवं मोठं कर्ज घ्या म्हणणारे एजंट भेटतीलच. त्यांना दर ‘फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागणारा, आहे का ते विचारा. तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिल्लकीवर साधारण २१ टक्के.

हप्ते थकवून नंतर ‘सेटलमेंट’ करू, हा सल्ला धंद्यात उतरणाऱ्यानं ऐकूच नये. सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शिक्का बसतो. उद्या अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्यासाठी किंवा पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेसाठी अर्ज केला तरी कर्ज शेवटी बँकच देते, आणि ती आधी तेच बघते. परतावाही तुम्ही हप्ता वेळेवर भरल्यावर मिळतो, आणि पीएमईजीपीची सबसिडी तीन वर्षं बँकेतच अडकून राहते. या योजनांच्या भरवशावर पहिल्या वर्षाचं घरखर्चाचं गणित मांडू नका. हप्ता चुकलाच आणि वसुलीचे फोन आले तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

वडिलांच्या नावावरचं पीक कर्ज आहे तसं राहू द्या. मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज जवळजवळ लागतच नाही, एवढं स्वस्त दुसरं काही नाही. फक्त तारीख चुकवू नका, भरून नवं-जुनं करून घ्या. माफी येईल म्हणून थांबणारे बरेच असतात. २०१७ आणि २०१९ च्या माफीत पीक कर्ज होतं, कोणाचं पर्सनल लोन नव्हतं. सोनेतारणाचंही तसंच, व्याज भरून नूतनीकरण होतं, पण मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, नाहीतर लिलावाची नोटीस येते.

नवं काम आधी चाखून बघा

मेहुण्याला मी सुट्टीच्या दिवशी पंप बसवणाऱ्या टोळीबरोबर जायला लावलं. काम तो दोन-तीन वेळांतच शिकला, वायरिंगचा हात आहेच. त्याला दिलेला खरा गृहपाठ वेगळा होता. जे हे काम आधीपासून करतात त्यांना ‘किती सुटतात’ असं विचारायचं नाही, ‘पैसे हातात कधी येतात’ असं विचारायचं. सुटतात किती हे सगळेच वाढवून सांगतात. पैसे कधी येतात हे विचारल्यावर खरी हकीकत निघते: एजन्सी काम तपासून झाल्यावर देते, कधी दोन महिन्यांनी, कधी पुढच्या हंगामात.

तेवढे महिने निभतील इतकी सोय आधी हवी. पतसंस्था मिटली की मेहुण्याचा एकच हप्ता राहतो, ५,२०० चा. त्याचे सहा हप्ते म्हणजे ३१,२०० ज्या खात्यातून कपात होते त्याच खात्यात ठेवायचे आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड बायकोकडं द्यायचं. हप्ता बाउन्स झाला की बँक आणि कर्ज देणारा दोघंही दंड लावतात. सुटलेल्या ८,००० मधून ही रक्कम चार महिन्यांत उभी राहते. तीन महिने किराण्याचे वेगळे.

शेवटच्या दिवशी टाइम ऑफिसमधून रिलिव्हिंग लेटर, ग्रॅच्युइटीचा अर्ज भरल्याची पोच आणि शेवटची पगार स्लिप घ्या. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत मिळायला हवी. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख चढली का ते बघा, कंपनीनं चढवली नसेल तर दोन महिन्यांनी स्वतःही टाकता येते. बंद केलेल्या प्रत्येक कर्जाचा नाहरकत दाखला, मोटारसायकलच्या आरसीवरचा बोजा उतरवल्याची नोंद, आणि पतसंस्थेकडून दोन्ही जामीनदार मोकळे झाल्याचं पत्र. त्या पत्राच्या दोन प्रती जामीनदारांच्या हातात नेऊन द्या.