अठरा पोट्टे, आठ ग्लोव्हज, दीड तास : बेसबॉलची प्रॅक्टिस कशी आखावी

कोच झालो त्या पहिल्या महिन्यात माझी प्रॅक्टिस फार सोपी होती. पोरांना एका रांगेत उभं करायचं, मी बॅटने ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून घरंगळत जाणारा बॉल, मारायचा, पोराने तो अडवून पहिल्या बेसवर फेकायचा आणि रांगेच्या शेवटी जायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, काय शिस्त आहे! एके दिवशी मागून आवाज आला, "सर, माहा नंबर कधी येईन?" तेव्हा मी हिशेब केला. एका बॉलला साधारण पंधरा सेकंद आणि पोरं अठरा, म्हणजे एकाचा नंबर साडेचार मिनिटांनी. वीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला चार बॉल, फार तर पाच. बाकी वेळ बुटाच्या टोकाने माती उकरण्यात गेला.

तेव्हापासून प्रॅक्टिस आखताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : आज प्रत्येक पोराच्या हाताला किती बॉल लागणार?

आदल्या रात्री चिठ्ठी लिहा

चिठ्ठी मोबाइलवर नको, कागदावरच लिहा. ती खिशात राहते आणि घामाने भिजली तरी वाचता येते. वर आजचं एकच काम लिहा, उदाहरणार्थ "ग्राउंडर अडवून पहिल्या बेसवर थ्रो". खाली वेळ मांडा. माझी दीड तासाची मांडणी अशी असते : दहा मिनिटं वॉर्मअप, बारा मिनिटं थ्रोइंग, चाळीस मिनिटं स्टेशन (गट करून वेगवेगळ्या ठिकाणी सराव), वीस मिनिटं मॅचसारखा खेळ, शेवटची पाच मिनिटं आवराआवर. उरलेला वेळ पाणी पिण्यात जातो. एका दिवसात बंट, स्टील आणि डबल प्ले असं सगळं शिकवायला गेलात, तर पोरांच्या डोक्यात काहीच उरत नाही.

नागपुरात वेळेचा विचार आधी करावा लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून एप्रिलपासून सकाळी सहाला सुरू करून साडेसातला थांबा. संध्याकाळी ऊन उतरलं तरी जमीन तापलेलीच असते. दर पंधरा मिनिटांनी पाणी द्या, तहान लागण्याची वाट पाहू नका. पोरगं गरगरतंय म्हणालं, किंवा बोलताना अडखळायला लागलं, तर लगेच सावलीत न्या, अंगावर पाणी टाका आणि दवाखान्याची तयारी ठेवा. पावसाळ्यातली अडचण वेगळी. काळी माती बुटाला अशी चिकटते की पाय उचलवत नाही. अशा दिवसांसाठी शाळेच्या व्हरांड्यात होईल अशी एक चिठ्ठी आधीच करून ठेवा : टेनिस बॉलचे कॅच, बॅटचा कोरडा स्विंग, फळ्यावर नियम. खरा हंगाम दिवाळीनंतरचा.

ग्राउंड आखून घ्या

मोठ्यांच्या खेळात दोन बेसमधलं अंतर 90 फूट असतं आणि पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) पट्टीपासून होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटिंगच्या जागेपर्यंत, 60 फूट 6 इंच. बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना अनुक्रमे 60 आणि 46 फूट पुरतात. लहान पोरांना मोठ्या अंतरावर खेळवलं की ते खांदा झोकून फेकतात आणि तीच सवय लागते. काटकोन नीट साधायचा असेल तर होमपासून दुसऱ्या बेसपर्यंतचा कर्ण मोजा. 90 फुटांच्या चौकोनात तो 127 फूट 3 इंचांच्या आसपास यायला हवा, 60 फुटांच्या चौकोनात 84 फूट 10 इंच. एका दोरीला गाठी मारून ठेवल्या की दहा मिनिटांत फक्की टाकून होते. ग्राउंडवर क्रिकेटवाले आधीच असतील तर भांडू नका. त्यांच्या पिचपासून लांबचा कोपरा धरा आणि सगळे फटके मोकळ्या बाजूला जातील असं होम ठेवा.

वॉर्मअप आणि थ्रोइंग

थ्रो करून अंग गरम करायचं नसतं, अंग गरम करून मग थ्रो करायचा असतो. हलकं धावणं, गुडघे उचलून चालणं, हात गोल फिरवणं, एवढं पुरे.

थ्रोइंगला सगळ्या जोड्या समांतर उभ्या करा आणि फेक एकाच दिशेत ठेवा, म्हणजे चुकलेला बॉल दुसऱ्या जोडीच्या कानाशी जाणार नाही. सूर्य कोणाच्याच डोळ्यांत नको. तीस फुटांपासून सुरुवात करून हळूहळू मागे सरका. ग्लोव्हज आठच असतील तर चार जोड्यांना खरा बॉल द्या आणि उरलेल्या पाच जोड्यांना टेनिस बॉल दोन्ही हातांनी झेलू द्या. सहा मिनिटांनी अदलाबदल करा. सहाएक मिनिटांत प्रत्येकाचे तीसेक थ्रो आरामात होतात. माझ्या जुन्या रांगेत तेवढ्याला दोन तासांहून जास्त लागले असते.

स्टेशन

सहा-सहांचे तीन गट करा. प्रत्येक ठिकाणी बारा मिनिटं, मग शिट्टी.

पहिल्या ठिकाणी फील्डिंग. सुरुवातीला बॉल बॅटने मारू नका, हाताने घरंगळवा. आपल्या ग्राउंडवर भेगा आणि खडे असतात, त्यामुळे बॉल कधी तोंडावर उसळेल याचा नेम नाही. पोरगं एकदा घाबरलं की पुढचा महिनाभर मान वळवूनच बॉल अडवतं.

दुसऱ्या ठिकाणी बॅटिंग. टी, म्हणजे बॉल ठेवून मारायचा उभा दांडा, विकत घ्यायची गरज नाही. रंगाच्या बादलीत काँक्रीट भरून त्यात पाइप उभा करायचा आणि वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा बसवायचा. समोर हिरवी शेडनेट टांगली की बॉल आणायला पळावं लागत नाही. दोन टी असतील तर दोघं मारतात, दोघं बॉल ठेवतात, दोघं गोळा करतात. बॅट फक्त पाळी असलेल्याच्या हातात, आणि हेल्मेट टीवरसुद्धा. यात सूट नाही.

तिसऱ्या ठिकाणी बेस रनिंग किंवा पिचिंग, आलटून पालटून.

क्रिकेट अंगातून काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपल्याकडचं पोरगं चालायला लागल्यापासून क्रिकेट खेळतं, त्यामुळे त्याची नजर तयार असते, हात तयार असतात, पण सवयी अडवतात. फटका बसला की ते उभं राहून बघतं आणि समोरच्या पार्टनरच्या "येस"ची वाट पाहतं. इथे पार्टनर नाही. बॉल फेअर, म्हणजे होमपासून निघणाऱ्या दोन रेषांच्या आत, पडला की पळायचंच. दुसरं, ते बॅट हातात घेऊनच धावतं. बॅट टाक म्हटलं की मागे भिरकावतं आणि ती मागे बसलेल्या कॅचरच्या नडगीवर बसते. म्हणून बॉलशिवाय रोज दहा वेळा एवढंच करून घ्या : स्विंग, बॅट बाजूला खाली सोडणं, तीन पावलं पळणं.

पहिल्या बेसवर पोरं करकचून ब्रेक मारतात. तिथे बेसला पाय लावून सरळ पुढे पळून जाता येतं, दुसऱ्या बेसकडे वळायचा प्रयत्न केला नाही तर परत येईपर्यंत आउट होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर मात्र पुढे गेलात की टॅग झालाच, म्हणजे अंगाला बॉल लावून आउट. हे सांगून कळत नाही, पळवूनच कळतं.

पिचरची वही

प्रत्येक पिच, म्हणजे पिचरने टाकलेला बॉल, मोजा. अमेरिकेतल्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शनात 13-14 वर्षांच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त 95 पिच सांगितल्या आहेत, आणि 66 किंवा त्याहून जास्त टाकल्या तर पुढे चार दिवस विश्रांती. मी प्रॅक्टिसमध्ये तीस-चाळीसच्या पुढे जात नाही. त्या दिवशी त्याला कॅचरही करत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडेच विचारावी लागते : "काल संध्याकाळी गल्लीत बॉलिंग किती केली बे?" तो खांदाही तोच असतो.

शेवटची वीस मिनिटं

नऊ विरुद्ध नऊ खेळवा, पण परिस्थिती तुम्ही द्या : एक आउट, पहिल्या बेसवर रनर. बॉल टाकण्याआधी प्रत्येक फील्डरने मोठ्याने सांगायचं, माझ्याकडे आला तर कुठे टाकणार. सुरुवातीला पोरं लाजतात, मग ओरडायला लागतात. चूक झाली तर खेळ थांबवून भाषण देऊ नका. तीच परिस्थिती पुन्हा लावा. काय चुकलं ते चिठ्ठीच्या मागे लिहा, तेच उद्याचं काम.

मग बॉल मोजा. बारा दिले होते तर बारा परत हवेत, आणि बारावा बहुतेक कंपाउंडलगतच्या गाजर गवतात असतो. तो सापडल्याशिवाय कोणी पोहे खायला निघायचं नाही.