तळटीपा मोजू नका, उघडून बघा

इंग्रजी विकिपीडियावर जुलै २००७ मध्ये एक लेख आला. विषय होता १६४०-४१ मध्ये गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात झालेलं डिचोलीचं युद्ध. लेख लांबलचक, खाली तळटीपांची रांग. दोनच महिन्यांत त्याला ‘गुड आर्टिकल’चा, म्हणजे तपासून दिला जाणारा ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला आणि तो पाच वर्षं टिकला. डिसेंबर २०१२ मध्ये एका स्वयंसेवकाने तळटीपांतली पुस्तकं शोधायला घेतली, तर पुस्तकंच नव्हती. युद्धही झालेलं नव्हतं.

इंटरनेटवरची माहिती पारखताना आपण कुठे घसरतो, ते या एका लेखातून चांगलं कळतं.

तळटीप आहे म्हणजे पुरावा आहे, ही पहिली चूक. तळटीप हा नुसता पत्ता. तिथे घर आहे का, ते जाऊन बघावं लागतं. पुस्तकाचं नाव अवतरणचिन्हांत टाकून गूगल बुक्स किंवा वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या सूचीत शोधा. लेखक, प्रकाशक, साल जुळतंय का? पुस्तक २१० पानांचं आणि हवाला पान ३४०चा, असं तर नाही ना? पुस्तक सापडलं तरी त्या पानावर खरंच तेच लिहिलंय का, ते वाचा. चॅटबॉटने दिलेल्या संदर्भांना तर ही चाचणी सक्तीची करा. नसलेली पुस्तकं खऱ्या लेखकांच्या नावावर खपवण्यात ते पटाईत.

दुसरी चूक मला जास्त बोचते. आपल्याला आधीपासून जे ठाऊक आहे, तेच आपण बाजूला ठेवतो. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत आणि डिचोलीचा मुलूख आदिलशाहीत. राज्याभिषेक १६७४चा. मग हे ‘मराठा साम्राज्य’ लढायला आलं कुठून? चौथीचा इतिहास नीट वाचलेल्या पोरालाही हा प्रश्न पडला असता. पण मजकूर इंग्रजीत आणि भारदस्त असला, की आपण मान डोलावतो!

‘चार साइटवर आहे, म्हणजे खरंच असणार’ ही तिसरी. विकिपीडियाचा मजकूर कुणालाही उचलता येतो. वाक्यंच्या वाक्यं तशीच दिसली, तर ते चार साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीच्या चार झेरॉक्स. एखादं वाक्य जसंच्या तसं शोधून सगळ्यात जुनी नोंद कुठली ते पाहा. मग वेगळ्या वाटेने जा. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज-मराठे कागदपत्रांत हयात घालवली. एवढं मोठं युद्ध झालं असतं, तर त्याची खूण तिथे सापडायला हवी.

दर्जा, बिल्ला, निळी टिक यांवर फार विसंबू नका. त्यापेक्षा विकिपीडियाच्या लेखावरचे ‘इतिहास’ (कुणी कधी काय बदललं) आणि ‘चर्चा’ हे दोन टॅब उघडा. जवळपास सगळा मजकूर एकाच खात्याने लिहिलाय आणि चर्चेत कुणी संदर्भांबद्दल चकार शब्द काढलेला नाही, असं दिसलं तर पुस्तकं शोधायला तिथूनच सुरुवात करा.